पेडलवालं मखर

बसा, चहा घ्या, आणि चहाबरोबर एक शब्दही द्या. आता जे सांगणार आहे ते हॅरोच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकायचं नाही. टाकलंत तरी काय म्हणा, त्यातल्या निम्म्या लोकांनी माझा पराक्रम समोर उभं राहून, टाळ वाजवत पाहिलेला आहे. आपण नक्की काय पाहतोय, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

तर मी अनिकेत. मूळचा कोथरूडचा, इथे विलायतेत सॉफ्टवेअरमध्ये. सासरी माझी ख्याती अशी की डोकं उत्तम, हात शोभेचे. सासूबाई हे प्रेमानेच म्हणतात, पण चारचौघांत म्हणतात. माझा साडू नाशकात घरचे नळ स्वतः बदलतो, कपाटं स्वतः जोडतो. आणि मी? घरातला बल्ब गेला तर लँडलॉर्डला ईमेल करतो. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात मी जेव्हा जाहीर केलं की घरात, स्वतःच्या हाताने, सिम रेसिंगचं कॉकपिट बांधणार, तेव्हा बायकोचा, रेवतीचा, घास हातातच राहिला.

सिम रेसिंग म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गाडीच्या शर्यती हो. पण पोरखेळ नाही. खरं स्टीअरिंग, खरे पेडल, खरी सीट. स्टीअरिंगच्या मागे मोटर असते, ती वळणावर तुमचे हात पिरगाळते. हे सगळं टेबलाला लावलं तर टेबल नाचतं, म्हणून सांगाडा लागतो ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलचा. चारही अंगांना खाचा असलेले चौकोनी दांडे, त्या खाचांत नट सरकवायचे, कोपऱ्याला ब्रॅकेट लावायचं आणि ॲलन कीने आवळायचं. ज्याला हे जमलं त्याचा सांगाडा केसभरही लवत नाही. सिम रेसिंगवाल्यांत माणसाची किंमत त्यावर ठरते.

आणि मला जमलं की! दिवाणखान्यात बे विंडोला पाठ करून तीन वीकेंड ठोकाठोक केली आणि कॉकपिट उभं राहिलं. खिडकीशी सीट, तिच्यापुढे स्टीअरिंगचा मंच, त्याच्याखाली पेडल, आणि सगळ्यात पुढे, खोलीच्या बाजूला, स्क्रीन लावायची उंच कमान. मी त्याला धरून हलवलं, लाथ मारली, वर चढून उभा राहिलो. ढिम्म. मला तर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

या बळावर मी आमच्या ऑफिसच्या सिम रेसिंग टीमच्या हातापाया पडून ऑनलाइन स्पर्धेच्या फायनलमध्ये जागा मिळवली. आमचा कप्तान क्रेग, एडिनबरा ऑफिसचा. त्याने माझ्यासाठी एका बऱ्या ड्रायव्हरला बाहेर बसवलं, आणि बजावलं की रविवारी दुपारी शेवटची पाळी तुझी. प्रत्येकाने आपली पाळी चालवलीच पाहिजे, एक जरी चुकला तरी टीम बाद, असा नियमच होता. मी म्हटलं, काळजी करू नकोस, माझं नवीन कॉकपिट आहे.

रेवतीची अट मात्र एकच होती. तिची आई नाशकाहून बुधवारी येणार होती, त्याआधी हे धूड दिवाणखान्यातून अडगळीच्या बॉक्स रूममध्ये गेलं पाहिजे. अखंड कॉकपिट त्या दारातून जाणार नाही हे मला दिसत होतं, पण सुटं करून नेऊ, त्यात काय. बुधवारी रेवती एअरपोर्टला गेली. मी ॲलन की हातात घेतली आणि विचार केला, सोडायच्या आधी एक फेरी मारून बघू.

एक फेरी कुणी मारलीये का आजवर?

दाराशी टॅक्सी थांबली तेव्हा एकही बोल्ट सुटलेला नव्हता. मी स्क्रीन उतरवून सोफ्यामागे टेकवला, स्टीअरिंगचं चाक उपसून सोफ्याखाली सारलं आणि हाताला लागेल ते कॉकपिटवर फेकलं. हाताला लागलं ते होतं दिवाणावरचं मरून बेडकव्हर, जरीच्या काठाचं. ते कमानीवरून दोन्ही बाजूंनी असं काही झोकात पडलं की विचारू नका.

सासूबाई आत आल्या. बॅग तिथेच टाकून त्या कमानीकडे बघत राहिल्या. शुक्रवारी गणेश चतुर्थी होती.

"मखर," त्या म्हणाल्या. "अनिकेतराव, तुम्ही हाताने मखर केलंत?"

आता हे समजून घ्या. त्यांच्या नाशकाच्या घराचं रीडेव्हलपमेंट चालू होतं, म्हणून त्या वर्षी पहिल्यांदाच घरचा गणपती आमच्याकडे बसणार होता. आणि माझे सासरे, नाना, दर वर्षी मखर स्वतः करायचे. दोन वर्षांपूर्वी नाना गेले. तेव्हापासून बाजारातलं थर्माकोलचं आणत होते, आणि ते बघून सासूबाईंना दर वर्षी रडू येत होतं, असं रेवतीने मला सांगितलेलं होतं.

मी रेवतीकडे बघितलं. रेवतीने माझ्याकडे असं बघितलं की त्यात वाक्य नव्हतं, नुसता पूर्णविराम होता.

"हो," मी म्हणालो. "म्हणजे, अजून काम चालू आहे."

सासूबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. हेच ते शोभेचे हात. "हे गेल्यापासून घरात कुणी हाताने मखर केलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण खरं सांगू का, बरंही वाटलं. सासूबाईंकडून मिळालेली शाबासकी परत करण्याइतका मी थोर नाही.

एक मात्र होतं, माझं गणित पक्कं होतं. आमच्या कोथरूडच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. शुक्रवारी बसवायचा, शनिवारी संध्याकाळी विसर्जन, आणि रविवारी दुपारी शर्यत. म्हणजे बाप्पा जाईपर्यंत मखर, बाप्पा गेल्यावर कॉकपिट. देवानेच वेळापत्रक लावून दिलंय असं मला वाटलं आणि मी जोमाने कामाला लागलो.

सांगायला अभिमान वाटतो, मखर फर्मास झालं. स्टीअरिंगच्या मोटरवरून दोन आडवे दांडे टाकले, त्यावर पाट. कमानीच्या खाचांत एलईडीची माळ अशी बसली की जणू खाच तिच्यासाठीच केलेली. बाप्पाच्या पाठीमागे रेवतीचा शालू सोडला, म्हणजे मागची सीट कुणाला दिसायचं कारण नाही. खाली पेडलांवर झालर. शुक्रवारी प्राणप्रतिष्ठा झाली आणि सासूबाईंनी नाशकाला व्हिडिओ कॉल लावून फोन अख्ख्या मखरावरून फिरवला. साडूला मुद्दाम कमानीचे कोपरे दाखवायला लावले. साडू म्हणाला, छान आहे. त्याचा आवाज जरा पडलेला होता, अशी माझी समजूत आहे.

शनिवारी दर्शनाला ही गर्दी. जो येतो तो मखराला हात लावून बघतो, कुठून आणलं विचारतो, आणि सासूबाई उत्तर द्यायला टपलेल्या. "आणलं नाही, जावयांनी केलं." दोघा जणांनी तर पुढच्या वर्षी आमच्याकडेही करून द्या म्हणून मला गळ घातली. मी होही म्हणालो. माणूस एकदा वाहवत गेला की थांबतो कुठे?

संध्याकाळ झाली. मी नवी कोरी बादली घेतली, तिला हार घातला, आणि भरल्या दिवाणखान्यात ऐटीत घेऊन आलो.

"बादली कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"विसर्जनाला."

एका काकूंनी हातातला मोदक खाली ठेवला.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "आमचा गौरींबरोबर जातो."

गौरींबरोबर. म्हणजे शनिवारी नाही, रविवारी नाही. अजून गौरीच यायच्या होत्या, त्या येणार, जेवणार, मग जाणार, आणि तोपर्यंत बाप्पाला जागचं हलवायचं नाही. आता तुम्ही म्हणाल, लग्नाला इतकी वर्षं झाली आणि सासरचा गणपती किती दिवसांचा हे ठाऊक नाही? नव्हतं! दर वर्षी चतुर्थीला व्हिडिओ कॉलवर हात जोडायचे आणि लॅपटॉप उघडायचा, एवढाच माझा संबंध. बाप्पा पुढे कधी जातो याची मी कधी चौकशीच केली नव्हती.

"तयारी आधीपासून असलेली बरी," असं काहीतरी पुटपुटत मी हार घातलेली बादली घेऊन किचनमध्ये पळालो.

रेवती मागोमाग आली. मी तिला विचारलं, यंदापुरता लवकर नाही का करता येणार? ती म्हणाली, "जा, आईला विचार. आणि का ते पण सांग." मी तिथेच विषय बंद केला. क्रेगला फोन करून नाही म्हणावं तर टीम बाद. सासूबाईंना खरं सांगावं तर त्यांचे ते भरलेले डोळे आठवायचे. मी सिंकला टेकून उभा राहिलो, आणि वाईट वाटत होतं ते शर्यतीचं कमी आणि त्या डोळ्यांचं जास्त.

तेवढ्यात रोहन आत आला. रोहन म्हणजे रेवतीचा मामेभाऊ, जन्म इथलाच, इल्फर्डचा, नोकरी बँकेत. पोरगा गुणी, फक्त मराठी बोलताना लिंग जे सापडेल ते लावतो. त्याने दार लोटलं आणि हळूच म्हणाला, "जिजू, डोन्ट माइंड, पण हा मखर नाय ना? माझा घरात पण सेम रिग आहे. व्हील कुठे लपवली?"

मी त्याला मिठीच मारली. सगळी हकीकत ऐकून तो एवढंच म्हणाला, "सिंपल आहे. बाप्पा पुढे, तुम्ही मागे, मध्ये शालू. स्क्रीन नाय पाहिजे. मी उद्या माझी हेडसेट आणतो." हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधायचा डबा. तो बांधला की चहूकडे रस्ता दिसतो आणि घर दिसेनासं होतं.

युक्ती नामी होती. आरती संध्याकाळी सातला, शर्यत दुपारी, आणि त्या वेळी सासूबाई वर झोपतात. एकच गोष्ट मनाला खात होती. पेडल बाप्पाच्या पाटाखाली. म्हणजे माझे पाय कुठे जाणार? देवाखाली. कोथरूडचा माणूस बाकी काही करेल, पण देवाकडे पाय करून बसेल? शेवटी मी तोडगा काढला. रविवारी पुन्हा आंघोळ केली, लग्नातलं सोवळं नेसलो, पाय तीनदा धुतले, बाप्पाला नमस्कार करून सांगितलं की बाबा रे, तूच सांभाळ, आणि खिडकीच्या बाजूने सीटमध्ये शिरलो. सोवळं नेसून रेसिंग सीटमध्ये बसणं सोपं नाही हो. काष्टा बेल्टमध्ये अडकतो.

रोहनने चाक बसवलं, डोक्याला हेडसेट बांधला आणि तो बाहेर पहाऱ्यावर बसला. क्रेग कानात बोलायला लागला. आम्ही चौथे होतो. मी मोटरचा जोर कमी करून ठेवला होता, बाप्पाला हादरा नको म्हणून. गाडी हातात घेतली आणि दोन वळणांत तिसऱ्याला मागे टाकलं. असा हात बसला होता म्हणता.

आणि बाहेर बेल वाजली.

त्या रविवारी आमच्याकडच्या ट्रेन बंद होत्या, त्याऐवजी रिप्लेसमेंट बस. हे ट्रेनवाल्यांनी सगळ्या जगाला सांगितलं होतं, मी सोडून. त्यामुळे लांबून येणारी मंडळी परतीची बस मिळावी म्हणून दुपारीच हजर. सासूबाई खाली आल्या, म्हणाल्या, आरती आत्ताच करून घेऊ. आणि मग तो प्रश्न आलाच.

"अनिकेतराव कुठे आहेत?"

मला काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. ब्रेक मारायचा तो तीस यार्ड उशिरा मारला.

"मागे जपाला बसलाय," रेवतीचा आवाज आला. "सोवळ्यात. मौन आहे. त्याला उठवू नका."

जिवंतपणी बायकोची देवी झालेली मी त्या दिवशी पाहिली, म्हणजे ऐकली. बाहेर सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागले. कुणीतरी म्हणालं, आजकाल असे जावई राहिलेत कुठे.

आणि आरती सुरू झाली. टाळ, झांजा, घंटा, वीस जणांचे खडे आवाज, आणि हे सगळं माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. क्रेगने कानात विचारलं, तुझ्याकडे मागे काय चाललंय? मी कुजबुजलो, फॅमिली सपोर्ट. तो म्हणाला, त्यांना थांबू देऊ नकोस, तू याआधी इतका फास्ट कधीच नव्हतास. आणि खरंच सांगतो, झांजेच्या ठेक्यावर माझे गिअर पडायला लागले. दुसऱ्याला मी कधी गाठलं आणि कधी मागे टाकलं ते मलाच कळलं नाही. मध्ये एकदा गाडीचं चाक रस्त्याकडेच्या कठड्यावर चढलं आणि मोटरने हात झिंजाडले. वाटलं, गेली मूर्ती. पण बाहेर आरतीचा ताल काही चुकला नाही.

शेवटच्या वळणावर माझ्या पुढचा गडी घाई करायला गेला आणि गवतात गेला. मी सरळ निघालो. निशाण पडलं ते माझ्यावर. पहिला नंबर! क्रेग कानात ओरडत होता, आणि मौन वगैरे विसरून माझ्या पोटातून आलं, "मोरया!"

नेमकी त्याच क्षणी आरती संपली होती. वीस जणांनी दुप्पट जोराने साथ दिली. एक काकू म्हणे गहिवरून गेल्या.

मंडळी प्रसाद घेऊन बससाठी पांगली. मी सीटमध्ये तसाच घामाघूम बसून होतो, डोळ्यांवर डबा. शालू सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं रोहन आला.

"जिंकलो रे," मी म्हणालो.

"अभिनंदन," सासूबाई म्हणाल्या.

मी हेडसेट वर केला. त्या हातात प्रसादाची वाटी घेऊन उभ्या. समोर त्यांचा जावई, सोवळ्यात, पट्ट्याने सीटला बांधलेला, हातात स्टीअरिंग, पाय पेडलवर. मी उठायला गेलो.

"उठू नका," त्या म्हणाल्या. "काष्टा सुटेल."

"आई, ते मखर म्हणजे..."

"अहो, शुक्रवारीच रांगोळी काढायला वाकले तेव्हा झालरीखाली बघितलं मी. मखराला पेडल असतात होय?"

"मग बोलला का नाहीत?"

त्या बाप्पाकडे बघून हसल्या. "मॅच असली की आमचे हे पण मखरामागे जपाला बसायचे. कानात ट्रान्झिस्टरची वायर. आम्ही बाहेर आरती म्हणतोय, आणि आतून मध्येच 'आउट!' लोकांना वाटायचं, कुठला तरी मंत्र आहे." त्यांनी पदराने डोळे पुसले. "मघाशी मागून तुमचा आवाज आला ना, तेव्हा वाटलं, घरचा गणपती खरंच घरी बसला."

मी स्टीअरिंग सोडून बाप्पाला हात जोडले.

त्यांनी कमानीचा दांडा धरून हलवून पाहिला. बाप्पाच्या डोक्यावरच्या दूर्वांची जुडी होती तिथेच होती. "पक्कं झालंय पण," त्या म्हणाल्या. "यांचं मखर तिसऱ्या दिवशी एका बाजूला कलायचंच."

बस्स! शर्यत काय, पहिला नंबर काय, मला त्या क्षणी आणखी काही नको होतं. नको होतं, तर गप्प बसावं ना माणसाने? पण जीभ वळवळली.

"म्हणजे आई," मी म्हणालो, "नानांपेक्षा मी सरस म्हणायचा?"

सासूबाईंनी वाटीतला मोदक उचलून माझ्या हातावर ठेवला.

"मखरात सरस," त्या म्हणाल्या. "पण आपला गणपती किती दिवसांचा, हे यांना माहीत असायचं."